एकच नफा, चार मथळे

'नफ्यात २० टक्के वाढ' आणि 'नफा २० टक्क्यांनी घसरला' हे दोन मथळे एकाच कंपनीबद्दल एकाच सकाळी छापून येऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. समजा, या तिमाहीचा निव्वळ नफा १२० कोटी आहे. गेल्या वर्षी याच तिमाहीत तो १०० कोटी होता आणि लगेच आधीच्या तिमाहीत १५० कोटी. एकाने वर्षाशी तुलना केली, दुसऱ्याने तिमाहीशी. तिसऱ्याने विश्लेषकांचा १३० कोटींचा अंदाज धरला आणि 'अपेक्षाभंग' छापला. धंदा हंगामी असेल तर वर्षाशी केलेली तुलनाच धरावी.

खरी गोम चौथ्या मथळ्यात असते, आणि तो सहसा कुणी देतच नाही. त्या १२० पैकी ३० कोटी कर वजा जाता जमीन विकून आले असतील, तर धंद्याचा नफा उरतो ९० कोटी. गेल्या वर्षी असं काही विकलं नसेल, तर ही चक्क १० टक्के घट झाली. निकालाच्या तक्त्यात 'अपवादात्मक बाबी' अशी वेगळी ओळ असते, तिथे हे सापडतं. कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात मात्र ते तळाशी ढकललेलं असतं. बातमीतही ते शेवटच्या परिच्छेदात जातं, आणि पानावर जागा कमी पडली की उपसंपादकाची कात्री तळापासूनच चालते.

दोन वर्तमानपत्रांत नफ्याचा आकडाच वेगळा दिसला, तर आधी एकाने उपकंपन्या धरून एकत्रित निकाल घेतला आणि दुसऱ्याने फक्त मूळ कंपनीचा, असं झालंय का ते तपासा. विक्रीच्या तुलनेत नफ्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ८ वर आलं की 'दोन टक्के घट' छापतात. ती घट दोन टक्के-अंकांची, म्हणजे खरं तर २० टक्क्यांची असते.

पाच ठिकाणी बातमीचा शब्दन् शब्द सारखा असेल तर पाच दुजोरे मिळाले असं समजू नका, वृत्तसंस्थेची एकच बातमी पाचदा छापलेली असते. असोसिएटेड प्रेस ही अमेरिकन वृत्तसंस्था तर २०१४ पासून तिमाही निकालांच्या बातम्या संगणकाकडून लिहवून घेते.

शेअर बाजाराकडे दाखल झालेल्या मूळ कागदावरची वेळही बघून ठेवा. निकाल बाजार बंद झाल्यावर आला असेल, तर 'निकालानंतर समभाग कोसळला' म्हणत त्याच दिवशीची घसरण दाखवणारी बातमी सरळ बाजूला ठेवावी.