मोठ्या दिवसाचा छोटा सराव, जळगाव अपडेट

मंडळी, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) सुरू केलेल्या योगाच्या उन्हाळी सरावाची अपडेट टाकतेय, उशीर झाला खरा पण २१ जून, म्हणजे योगदिन आणि वर्षातला सर्वात मोठा दिवस, होऊन जाऊ दे मगच लिहू असं ठरवलेलं. यंदा अवघड काही करायचंच नव्हतं. त्या दिवशी सगळीकडे १०८ सूर्यनमस्कारांचे फोटो येतात, छान दिसतात, पण जळगाव-भुसावळकडे जूनमध्ये गच्चीवर १०८ म्हणजे नुसती घामाची आंघोळ. म्हणून कमी आणि हळू, एवढाच प्लॅन.

आधी श्वासाचं सांगते कारण खरी गंमत तिथेच झाली. मे महिन्यात हवा कडक कोरडी, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू, तेव्हा शीतली प्राणायाम भारी वाटायचा. जिभेची नळी करायची, तिच्यातून सावकाश श्वास आत घ्यायचा, तोंड मिटून नाकाने सोडायचा (जीभ वळत नसेल तर दात जुळवून फटीतून घ्या, ती सीत्कारी, टेन्शन नको). ओल्या जिभेवरून कोरडी हवा गेली की ओल उडते आणि गारवा लागतो, आपला कूलर चालतो तसंच. पण मृग लागला, ढग जमायला लागले, हवा दमट झाली आणि तीच शीतली एकदम फिकी पडली, कूलरही तेव्हा नुसती चिकचिक देतो ना! हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात आठ कुंभक (श्वास रोखून करायचे प्राणायाम) सांगितलेत, त्यात शीतली, सीत्कारी, भ्रामरी सगळे आहेत, पण आपल्याकडच्या हवेत कुठला कधी चालतो ते आपणच बघायचं असं माझं मत झालंय.

मग २१ जूनसाठी शीतली बाजूला ठेवली आणि लांब उच्छ्वास घेतला. चार आकडे आत, सहा ते आठ आकडे बाहेर, मध्ये रोखणं अजिबात नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, त्यामुळे दमट उकाड्यातही जीव शांत होतो, आणि शेवटी थोडी भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा). बीपीवाल्यांनी कुंभकाच्या नादी लागूच नका, विचारून करा.

आसनं साधीच. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, मग सूर्यनमस्कार अगदी मोजके, एकेका स्थितीत दोन-तीन श्वास थांबून, भिंतीला पाय लावून विपरीत करणी आणि लांबलचक शवासन. सासूबाई वर आल्या, "इतला उकाडामा काय उड्या मारी ऱ्हायनी वं?" म्हणे. उड्या कुठे होत्या, मी तर पडलेलीच होते. आदल्या रात्री आमरस झालेला असेल तर पुढे वाकायची आसनं सोडून द्या, हे अनुभवाचे बोल.

आता चटईचं. आपण पूर्वेकडे तोंड करून बसतो, पण या दिवशी सूर्य आपल्याकडे पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेला उगवतो, म्हणजे समोर नाही तर डाव्या हाताला, ५.४८ च्या आसपास. चटई तेवढी वळवून घेतली. आणि दुपारी साडेबाराला ऊन पडलं तर काठी उभी करून बघाच, सावली दक्षिणेला पडते. कारण त्या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर बरोबर डोक्यावर असतो, आणि कर्कवृत्त आपल्याहून उत्तरेला, साडेतेवीस अंशाच्या जवळ, तर जळगाव एकवीसवर. वर्षभर उत्तरेला पडणारी सावली मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत अशी उलटी फिरते, मला तर हे योगापेक्षाही जास्त आवडलं. दिवस जवळपास १३ तास २० मिनिटांचा, तरी सर्वात लवकर सूर्योदय जूनच्या सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो, त्यामुळे २१ तारखेलाच सगळ्यात लवकर उठावं लागतं असं काही नाही, झोपाळू लोकांना आनंदाची बातमी.

एक आपल्या भागाचं. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ ला काढणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी आपल्या अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय कॉलेजात प्राचार्य होते. योगदिन २०१५ पासूनचा, पण श्वासाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी इथे राहून गेलाय, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं सांगा बरं.

पुढचं म्हणजे, पाऊस नीट लागला की कपालभाती (झटक्याने श्वास बाहेर टाकायची क्रिया) परत चालू करणार, आत्ता गरमीत नको वाटते. शहादा-नंदुरबारकडच्यांनी शीतली ट्राय केली असेल तर तुमच्याकडे कधी फिकी पडली ते लिहा.