घोडीच्या खांद्याला बसणारी कॉलर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील होम्स काउंटीत अमिश लोकांची, म्हणजे आधुनिक यंत्रांपासून शक्यतो दूर राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, दाट वस्ती आहे. तेथील बहुतेक अमिश शेतकरी आजही नांगराला घोडेच जुंपतात, त्यामुळे घोड्यांचा साज शिवणारी दुकाने त्या भागात रोजच्या गरजेपोटी चालतात. आमचा भाजीचा मळा तेथून गाडीने तासाभरावर आहे. दोन वर्षांपूर्वी कोळपणीसाठी आणि खताची गाडी ओढण्यासाठी आम्ही एक हाफ्लिंगर जातीची घोडी घेतली, तेव्हा माप कळवले की साज मिळतो, एवढीच माझी समजूत होती. त्या समजुतीची किंमत घोडीच्या खांद्याला मोजावी लागली.

माझे बालपण सिन्नरजवळच्या गावात बैलांच्या सोबतीने गेले. बैलाच्या मानेवर जू बसते ते वशिंडाच्या पुढे, आणि ओढताना ते मागे सरकू पाहते तेव्हा वशिंड त्याला अडवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आजोबा गरम पाण्याने शेकून हळद आणि लोणी चोळत, ते त्याच जागेवर. घोड्याला वशिंड नसते. त्याने ओझे ओढायचे ते खांद्यांनी, म्हणून सगळा ताण दोन्ही खांद्यांच्या मांसल भागावर पसरवणे आणि श्वासनलिकेवर जराही दाब येऊ न देणे हे कॉलरचे, म्हणजे घोड्याच्या मानेभोवती घालायच्या गादीदार कड्याचे, काम असते. कॉलरभोवतीच्या खाचेत हेम्स नावाचे दोन वाकवलेले दांडे आवळून बांधतात आणि ओढीचे पट्टे त्या दांड्यांना जोडतात.

पहिली कॉलर मी मापावर मागवली. मानेच्या माथ्यापासून गळ्याच्या तळापर्यंत 21 इंच भरले आणि तेवढीच कॉलर आली. मात्र ती ‘फुल फेस’ घडणीची, म्हणजे वरच्या बाजूला सडपातळ असणाऱ्या मानेसाठी केलेली होती, आणि आमच्या घोडीची मान नेमकी तिथेच भरदार आहे. वर चिमटते म्हणून विक्रेत्याच्या सल्ल्याने 23 इंची घेतली. वरचा चिमटा गेला, पण कॉलर खाली लोंबू लागली, ओढीची जागा खांद्याच्या सांध्यावर उतरली आणि आठवड्याभरात तिथे रुपयाएवढी जखम झाली. ती भरेपर्यंत तीन आठवडे मी घोडीला जुंपले नाही. दोष लांबीचा नसून घडणीचा होता, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही.

अखेर एका अमिश कारागिराकडे गेले. त्यांच्या घरात फोन नाही, रस्त्याकडेच्या लाकडी खोपटातल्या फोनवर निरोप ठेवावा लागला. घोडीच घेऊन या, असा त्यांचा उलट निरोप आला. त्यांनी आधी तिची मान कामात असते तशी उचलून धरायला लावली, कारण चरताना झुकलेल्या मानेचे माप खोटे येते. मग एकामागून एक तीन कॉलरी घालून पाहिल्या. तिसरी ‘हाफ स्विनी’ घडणीची, म्हणजे वरच्या भागात किंचित रुंद, आणि लांबीला तीच 21 इंच होती. गळ्यापाशी उघडा तळवा सहज आत गेला, दोन्ही बाजूंना बोटे सपाट सरकली आणि गादी खांद्यावर कुठेही पोकळी न ठेवता टेकली. ओढीचा पट्टा हेम्सशी साधारण काटकोनात, खांद्याच्या सांध्याच्या वर यावा म्हणून त्यांनी हेम्सचे वरचे बंद दोनदा बदलले. एवढ्यावर न थांबता त्यांनी घोडीला एक ओंडका ओढायला लावला. उभ्या घोडीवर नीट दिसणारी कॉलर ओढताना वर चढून गळा दाबू शकते, आणि ते चालत्या घोडीवरच दिसते.

या कॉलरीच्या आत राय धान्याचा लांब पेंढा ठासून भरलेला आहे. पहिल्या दिवशी त्यांनी गादीचे चामडे ओले करून घोडीकडून हलके काम करून घ्यायला सांगितले, म्हणजे पेंढा तिच्या खांद्याच्या आकारात दबतो. घालताना वरचे बक्कल सोडायचे आणि दोन्ही बाजू हातांनी सांभाळायच्या. कॉलर जास्त फाकवली तर ती गळ्यापाशी मोडते आणि मोडलेली कॉलर पुन्हा सरळ होत नाही. बाकीचा साज मी चामड्याऐवजी प्लास्टिकचा लेप दिलेल्या पट्ट्यांचा घेतला. तो पाण्याने धुता येतो, त्याला तेल लागत नाही. गादी मात्र चामड्याचीच हवी, असे माझे ठाम मत आहे.

आता रोज काम संपले की मी आधी खांदे पाहते. सगळीकडे घाम आणि मध्येच कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब जास्त पडतो आहे असे समजून जागा चाचपते. गादीवरचे घामाचे मीठ ओल्या फडक्याने रोज पुसते. एप्रिलमध्ये घोडी गुटगुटीत असते, तेव्हा कॉलर तशीच बसते. जुलैच्या कामाने मान उतरली की आत हरणाच्या केसांनी भरलेली पातळ गादी घालावी लागते. गेल्या वर्षी ती मी 20 जुलैला घातली, आणि या वर्षी जुलै लागल्यापासूनच दर सोमवारी गळ्यापाशी तळवा घालून पाहते आहे.