अंड्यांकडे बघत बसलेले आम्ही सगळे

मागच्या वर्षी, म्हणजे मार्च २०२५ ला, मी जेवणाच्या सुट्टीत रोज फोनवर एक घरटं बघत बसायचे. कॅलिफोर्नियात बिग बेअरला एका उंच पाइनवर बाल्ड ईगलची जोडी राहते, जॅकी आणि शॅडो, आणि त्यांच्यावर चोवीस तास कॅमेरा. दिसतं काय तर काहीच नाही! आपली दुपार म्हणजे त्यांची रात्र, म्हणून चित्र काळंपांढरं, जॅकी अंड्यांवर बसलेली, वारा आला की पिसं हलणार, बास. मी खरं तर बाजूच्या चॅटसाठी जायचे.

तिथे पिप वॉच चालू होता. पिल्लू आतून कवच फोडायला लागतं आणि पहिलं भोक पडतं ना, तो पिप, हे पण मला चॅटमध्येच कळलं. २०२४ ला याच जोडीची तीनही अंडी फुटलीच नव्हती, दोघं किती तरी दिवस आळीपाळीने बसून राहिले होते, त्यामुळे जुने लोक यंदा फार आशा दाखवत नव्हते, जपून बोलत होते. दर दहा मिनिटांनी कोणीतरी नवीन येणार, "ही उठत का नाही?" विचारणार आणि मॉडरेटर न वैतागता तेच उत्तर परत देणार. मी आधी नुसतीच वाचायचे, मग एकदा मीच एका नवीन माणसाला उत्तर दिलं आणि त्या दिवसापासून मी तिथलीच झाले.

प्रत्येकाचा व्हिडिओ थोडा मागेपुढे असतो. त्यामुळे कोणाची तरी ओळ आधी येते, "हललं! हललं!" आणि आपल्याकडे अजून शांत. मॅचला असं झालं की डोकं फिरतं, इथे मात्र उलट बरं, डबा बाजूला ठेवायला दहा सेकंद मिळतात. तीन मार्चच्या त्यांच्या रात्री पहिलं पिल्लू आलं तेव्हा असंच झालं.

चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी, २३ ऑगस्ट २०२३ ला, इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांच्या वर लोक होते, मी पण होते. चॅट इतकं पळत होतं की मी टाकलेली ओळ मलाच सापडली नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू, पण ती आरोळी होती, त्यात कोणाशी ओळख होत नाही. ओळख व्हायला काहीच न घडणारे तास लागतात असं माझं मत झालंय. (जपानच्या निकोनिको या व्हिडिओ साइटवर तर २००६ पासून कमेंट व्हिडिओवरूनच सरकत जातात आणि त्या त्या सेकंदाला चिकटून राहतात, म्हणजे तीन वर्षांनी बघणाऱ्यालाही सगळे आत्ताच शेजारी बसल्यासारखे. मला नाही पटत तितकं. शेजारी आहे तर उत्तर द्यायला नको?)

मग तेरा मार्चच्या आसपास बर्फाचं वादळ आलं आणि तीनातलं एक पिल्लू गेलं. चॅट एकदम हळू झालं, लोक यायचे, एखादा शब्द टाकायचे, थांबायचे. मी पण काही लिहिलं नाही, पण फोन बंदही करवेना.

कॉफीच्या कपाचा फोटो लावलेली एक बाई रोज लिहायची, मी जरा झोपते, काही झालं तर सांगा. दुसऱ्या दिवशी परत आली की विचारायची, काय झालं? त्या आठवड्यात एकदा मीच सांगितलं, काही नाही, शॅडोने अजून एक काडी आणली.