कोंडीतल्या सपाट रेषेचा उलगडा (राजवाडीवाल्यांनो, भजी तयार ठेवा)

मंडळी, कोंडीतल्या (नदीतल्या खोल डोहातल्या) तापमान-लॉगरचा तिढा सुटला. पूर्ण नाही, पण बराचसा. जानेवारीपासून जी सपाट रेषा डोकं खात होती तिचं उत्तर मे महिन्याचा डेटा उतरवल्यावर मिळालं, आणि ते 'गरम पाण्याचा झरा' हे नाही. ज्यांनी राजवाडीच्या गरम झऱ्यांच्या नावावर भज्यांची पैज लावली होती त्यांना मी विसरलेलो नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. शास्त्री नदीला सह्याद्रीकडून येऊन मिळणाऱ्या एका पऱ्यात (ओढ्यात) तीन लॉगर (पाण्यात प्रोब सोडून ठरावीक वेळानं तापमान नोंदवणारी यंत्रं) आहेत: उंबराखालचा, कातळावरचा आणि कोंडीतला. जागा विचारू नका. खडशी मासे असलेल्या कोंडीचं नाव फुटलं की मागोमाग ते मारायला जिलेटीन नाहीतर ब्लीचिंग पावडर पोचते, हे सांगायला नको. शास्त्री निवडली कारण तिच्या मुख्य पात्रावर मोठं धरण नाही. म्हणजे पाणी का तापलं, का निवलं, याचं खापर कुठल्या दरवाजावर फोडता येत नाही. जे आहे ते डोंगर, झाडी, दगड आणि ऊन.

आता तिढा. जानेवारीत पहाटे कातळावरचा २० अंशांपर्यंत उतरायचा, उंबराखालचा २१ च्या आसपास, आणि कोंडीतला मात्र २६.४ वर ठाण मांडून. दुपारी कातळावरचा सात अंशांनी वर, कोंडीतल्यात अर्ध्या अंशाचीही हालचाल नाही. आलेख टाकल्याबरोबर तुम्ही सगळे राजवाडी, तुरळ, आरवलीवर उड्या मारल्यात. तुमचंही चूक नव्हतं. गरम पाण्याचा तो पट्टा इथून फार लांब नाही, आणि थंडीत नदीच्या तळाशी कोमट पाणी म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

पण मेमध्ये याच प्रोबनं काय दाखवलं ते बघा. कातळावर दुपारी चारला ३४.३. उंबराखाली ३०. कोंडीत २७.१. जानेवारी ते मे नदी चौदा अंशांनी हलली, हा बाबा पाऊण अंश. गरम झरा असता तर उन्हाळ्यातही तो नदीपेक्षा गरमच राहिला असता, निदान गार तरी नक्कीच झाला नसता. हे साधं भूजल आहे. जमिनीखाली काही मीटर खोल गेलं की दिवस-रात्र आणि थंडी-उन्हाळा दोन्ही विरून जातात आणि पाणी त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळ राहतं. आपल्याकडे ते २६-२७ च्या घरात येतं. म्हणून एकच पाणी जानेवारीत कोमट आणि मेमध्ये गार.

इथपर्यंत सोपं. खरी झटापट पुढच्या दोन शंकांशी झाली.

पहिली शंका: कोंड खोल आहे, मग तळाचं पाणी नुसतं थर धरून बसलेलं नसेल कशावरून? ही जानेवारीनंच निकालात काढली. गार पाणी जड, ते तळाशी जातं. थरांचाच खेळ असता तर पहाटे तळ सगळ्यात गार हवा होता. इथं तळ सगळ्यात कोमट.

दुसरी शंका चिवट होती. प्रोब वाळूत गाडला गेला असला तर? गाडलेला प्रोब असाच सपाट दिसतो. आणि मी तो बाहेर काढला तेव्हा उघड्यावर होता याला काही अर्थ नाही, मधल्या काळात गाडला जाऊन पुन्हा उघडा पडला असू शकतो. यावर बरेच दिवस अडकलो होतो. मग लक्षात आलं की चढउतार किती आहे हे बघत बसण्यापेक्षा तो कधी होतो ते बघावं. वाळूतून उष्णता नुसती झिरपत खाली जात असेल तर लाट जितकी दबते तितकी ती मागेही पडते. चढउतार ३७ टक्क्यांवर आला की शिखर जवळपास ३.८ तास उशिरा. कातळावरचे सात अंश कोंडीत जेमतेम अर्ध्या अंशावर आलेत, म्हणजे चौदाव्या हिश्श्यावर. वाळूनं ते केलं असतं तर शिखर दहा तास मागे पडायला हवं होतं, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमाराला. कोंडीतलं शिखर येतं संध्याकाळी साडेचार-पाचला, कातळाच्या पाठोपाठ. म्हणजे प्रोबभोवती बहुतेक सगळं भूजल आहे आणि त्यात नदीचं पाणी मिसळतंय ते सात टक्क्यांच्या आसपास. हे गणित जमलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि घरात सांगायला कोणी जागं नव्हतं. (वर झिरपणाऱ्या पाण्यात हा ३.८ तासांचा हिशोब तंतोतंत लागू होत नाही हे मला माहीत आहे, पण दहा तासांचा अर्धा-पाऊण तास होत नाही.)

खातरजमा म्हणून बांबूला प्रोब बांधून कोंडीचा तळ चाचपला. गार पट्टा फार मोठा नाही, सहा फूट बाय चार फूट असेल, डाव्या काठाला, जिथं कातळाची भेग पाण्यात उतरते तिथं. तिथली बारीक वाळू नीट बघितली तर जागच्या जागी हलताना दिसते. पट्ट्यात २७, त्याच्या कडेला एका हातावर ३१. मेमध्ये हा पट्टा तळालगत पसरतो, कारण झऱ्याचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा जड. जानेवारीत उलट, तेच पाणी हलकं म्हणून तोंडातून निघालं की सरळ वर जातं आणि विरतं. तेव्हा प्रोब दोन हात इकडेतिकडे पडला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं.

हा सगळा उद्योग काठावरून बघणाऱ्या वाडीतल्या एका काकींनी विचारलं, काय शोधतोस. सांगितलं. म्हणाल्या, "अरे, नळ यायच्या आधी डवरा आम्ही हितंच मारायचो. बाकी नदीचं पाणी मे महिन्यात तोंडात धरवायचं नाही." (डवरा म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी नदीत उकरलेला खड्डा.) पाच महिन्यांच्या डेटाचा गोषवारा एका दमात. आता प्रत्येक पऱ्यावर आधी जुन्या डवऱ्यांच्या जागा विचारायच्या आणि मग लॉगर टाकायचे, असं ठरवलंय.

आता हे पाणी येतं कुठून? माझा अंदाज वरच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) आहे. या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. उघड्या बेसॉल्टवर पडला तर धावत सुटतो. पण सड्यावरच्या जांभ्याला भोकंच भोकं, तो पाणी पितो. जांभ्याखाली चिकण माती असते, तिथं पाणी अडतं आणि आडवं वाहत उताराच्या अंगाला बाहेर पडतं. काही वाटेत खालच्या बेसॉल्टच्या भेगांत शिरतं आणि थेट नदीच्या तळात निघतं. म्हणजे मेमध्ये कोंडीतली खडशी ज्या पाण्यावर तग धरतात ते गेल्या पावसाळ्यात वरच्या सड्यावर पडलेलं. नदीच्या काठाला हातही न लावता ते बंद पाडता येतं. सड्यावर चिरेखाण टाकली की झालं. अंदाज पक्का करायला सड्याच्या कडेच्या विहिरीत एक प्रोब सोडायचा आहे. विहिरीच्या मालकांचा होकार आलाय, अट एवढीच की वायर राजूला (रहाटाच्या दोराला) गुंतू द्यायची नाही.

माशांकडे येतो. इथं मी वेगळंच काहीतरी गृहीत धरून कॅमेरा टाकला होता. वाटलं, भर दुपारी सगळे झऱ्याच्या तोंडाशी गर्दी करतील. बोटभर ते वीतभर खडशी होत्या खऱ्या, पण तोंडापासून हातभर खाली, जिथं वरच्या खळाळाचं पाणी येऊन मिळतं त्या शिवेवर. तोंड सारखं प्रवाहाकडे, शेपटी जेमतेम हलतेय, एखादी पुढे सरकून २७ च्या पट्ट्यात शिरते आणि थोड्या वेळात परत शिवेवर. मुरे (तळाशी राहणारे छोटे मासे) मात्र पट्ट्यातच, वाळूला पोट टेकून. आणि मळ्या (साइक्सनं १८३९ मध्ये नोंदवलेला, आपला सगळ्यांचा लाडका गारा मुल्या) गार पाण्याकडे ढुंकून न बघता खळाळातल्या धोंड्यांना चिकटून शेवाळ खात होता. ३२ अंशांत!

म्हणून थेंबांच्या किटनं ऑक्सिजन काढला. झऱ्याच्या तोंडाशी लिटरला ४ मिलिग्रॅम, खळाळात ७. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याला हवा लागलेली नसते, त्यामुळे गार असूनही ते श्वासाला अपुरं. पाणी तापलं की ऑक्सिजन मावायचं प्रमाण कमी होतं हे आपण नेहमी म्हणतो, पण आकडे बघा: २५ अंशांना ८.३, ३० ला ७.६, ३५ ला ६.९. उतार आहे, पण जीवघेणा नाही. माशाची गरज मात्र दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होते, खरी ओढाताण तिथं. खडशी शिवेवर उभी राहून दोन्हीकडून थोडं थोडं घेतेय, असं मला दिसतं. नुसता गार पट्टा असून भागत नाही, त्याला लागून खळाळ हवा. बंधारा घालून वरचा खळाळ बुडवला तर झरा तसाच राहील आणि जागा माशांच्या कामाची उरणार नाही.

आणि हे लिहिता लिहिताच एक सुचलं. माझे सगळे ऑक्सिजनचे आकडे दुपारचे आहेत. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, म्हणजे मी सगळ्यात चांगली वेळ मोजतोय. कसोटीची वेळ पहाटेची, रात्रभर सगळ्यांनी श्वास घेऊन झाल्यावरची. तेव्हा पाणी गार असतं, पण ऑक्सिजन सगळ्यात कमी झालेला. मग पहाटे खडशी झऱ्यापासून लांब जात असतील का? तापमानाचं ठाणं दुपारचं आणि ऑक्सिजनचं पहाटेचं, अशा दोन वेगळ्या जागा त्यांना लागत असतील तर एकाच कोंडीत दोन्ही मिळणं हीच मोठी गोष्ट. विहिरीचा प्रोब थोडा लांबवतो, आधी पहाटेची फेरी. कोणाकडे चांगला ऑप्टिकल ऑक्सिजन मीटर असेल तर दोन रात्री उसना हवा. पेट्रोल आणि घावणे माझ्याकडून.

सामानाबद्दल थोडं, कारण विचारणा आल्यात. डीएस१८बी२० (तापमान मोजणारी चिप) चे या वेळचे प्रोब एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतले होते, 'ओरिजिनल' असा ठळक शिक्का मारलेले. बर्फाच्या पाण्यात एकानं १.४ दाखवलं, दुसऱ्यानं उणे ०.९. खऱ्या चिपची हमी अर्ध्या अंशाची असते. ते आता फ्रिजची सेवा करतायत. तुम्हीही प्रत्येक प्रोब बर्फात बुडवल्याशिवाय नदीत टाकू नका, आणि आलेखात ८५ चा सुळका दिसला तर हुरळू नका, ती चिप झोपेतून उठल्याची खूण. स्टीलच्या नळीत पाणी शिरतं ते वायरच्या टोकाकडून. आतून गोंद असलेलं हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) दोन थरांत लावल्यापासून एकही गळला नाही. खेकड्यांनी मात्र एका वायरचं आवरण सोलून काढलं, म्हणून आता बागेच्या पाइपचा तुकडा वर चढवतो. पांढऱ्या पीव्हीसीच्या आडोशाशिवाय उथळ पाण्यात प्रोब टाकला तर तो ऊन मोजतो, पाणी नाही.

कातळावरच्याच्या ३४.३ बद्दल एक कडवट नोंद. दोन वर्षांपूर्वी तिथं 'गाळ काढला'. पोकलेननं पात्र सपाट, रुंद करून दिलं, काठाची शेरणी आणि करंज उपटून टाकली. आता पाणी घोट्याएवढं, अंगणभर पसरलेलं, दिवसभर उन्हात. उंबराखालचा तिथून एका हाकेवर आहे आणि चार अंशांनी गार. पुराची भीती खरी आहे, २०२१ चा जुलै चिपळूणकरांना विचारा. पण पात्र खोल करणं आणि पसरट करणं यातला फरक कंत्राटात कुठेतरी लिहायला हवा.

वाशिष्ठीचा विचारही डोक्यात आहे. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीहून पुढे वाशिष्ठीत येतं. जलाशयाचं पाणी, विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त होणारं. शास्त्रीशेजारी तो आलेख ठेवला तर बहार येईल. पण ते पावसाळ्यानंतर.

आत्ता घाई वेगळी. नेहमी पहिल्या हौराच्या (पुराच्या) आधी सगळे लॉगर काढतो. यंदा उंबराखालचा आणि कोंडीतला काढतोय, कातळावरचा ठेवतोय. पहिल्या लोंढ्यात पाण्याचं तापमान किती वेळात किती उतरतं आणि चढणीचे (प्रवाहाविरुद्ध वर जाणारे) मासे त्याच्या किती मागे-पुढे वर सरकतात, हे एकदा नोंदवायचंच आहे. स्टीलचा दोर दोन फेऱ्यांनी पक्का बांधलाय, नोंदीचं अंतर पंधरावरून पाच मिनिटांवर आणलंय, सेल नवा घातलाय. गेला तर साताठशे रुपये गेले. वाडीतल्या पोरांना सांगून ठेवलंय, चढण लागली की वेळ पाठवा. त्यांना ती माझ्या प्रोबच्या आधी कळते.