तू चालून पाणी कसं येणार?

"तू तिकडे चालून इकडे पाणी कसं येणार?" आईने फोनवर विचारलं.

प्रश्न रास्त होता. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेला पाण्याची टाकी बांधायची होती आणि त्यासाठी मी लेस्टरहून उठून टांझानियात किलिमांजारो चढायला निघालो होतो. ब्रिटनमध्ये ही रीतच आहे. चांगल्या कामासाठी कोणी मॅरेथॉन धावतं, कोणी डोक्याचा गोटा करून घेतं, आणि ओळखीपाळखीचे लोक पैसे देतात. नुसतं पावतीपुस्तक घेऊन फिरलो असतो तर "बघू" म्हणाले असते. 5895 मीटरचा डोंगर म्हटल्यावर ऑफिसातल्या चिक्कूंचेही हात खिशात गेले. शेवटी आईला म्हटलं, नवस समज. जाण्यायेण्याचा खर्च मात्र माझा मी केलाय, हेही सांगितलं. त्यावर ती जास्तच वैतागली. "मग तेवढ्यात अर्धी टाकी झाली असती की रे!"

या हिशेबाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मचामे वाटेवरच्या चौथ्या दिवशी सकाळी समोर बारांकोची भिंत होती. अडीचशे मीटरचा उभा कातळ. दोर लागत नाही, पण हात लागतात. एका जागी खडकाचं पोट पुढे आलंय. त्याला मिठी मारून, गाल टेकवून, पाऊल पलीकडे टाकायचं. 'चुंबनाचा खडक' म्हणतात त्याला. मी तिथे जीव मुठीत धरून चिकटलेलो असताना मागून "जांबो!" असा प्रसन्न आवाज आला आणि एक पोर्टर डोक्यावर भलं मोठं बोचकं तोलत माझ्यासाठी थांबला. पलीकडे माझा पाय सटकला तेव्हा तो म्हणाला, "पोले." 'पोले पोले' म्हणजे हळूहळू, हे पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं. एकदाच म्हटलं की त्याचा अर्थ 'अरेरे' होतो, हे त्या दिवशी कळलं.

पुढे गेल्यावर त्याने बोचकं उतरवलं. खाली डोक्यावर जुन्या मफलरचा पीळ देऊन केलेली चुंबळ होती. अगदी आपली चुंबळ! मी ती आजीनंतर कोणाच्या डोक्यावर पाहिली नव्हती. आजीच्या चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि मान सरळ. ते पाणी घरात आलं की त्याला सहजासहजी सुटका नसे. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांडी विसळलेलं मोरीमागच्या अळूला. उन्हाळ्यात अख्ख्या आळीत हिरवं म्हणून तेवढं अळूच दिसायचं.

भिंत संपल्यावर वाटलं, झालं. समोरच करांगाची छावणी, तंबूंचे रंगसुद्धा दिसत होते. आणि मग मध्ये दरी निघाली. पार तळाला उतरायचं, ओढा ओलांडायचा, तेवढंच पुन्हा चढायचं. बारांको आणि करांगा, दोन्ही छावण्या साधारण 4000 मीटरवर. म्हणजे दिवसभर धापा टाकून कमाई जवळजवळ शून्य. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून असं करतात म्हणे. दरीतला शेवटचा चढ मी दहा पावलं आणि एक थांबा या हिशेबाने चढलो. पाठीवर होतं काय? पाण्याची बाटली, रेनकोट आणि खजुराची पुडी.

छावणीत चहा आणि मक्याच्या लाह्या तयार होत्या. लाह्या चघळत बसलो असताना तो सकाळचा चुंबळवाला रिकामा कॅन घेऊन निघालेला दिसला. कुठे, तर खाली ओढ्यावर. या वाटेवरचं पाणी तिथेच संपतं. पुढच्या बाराफू छावणीला पाण्याचा थेंब नाही, तिथलं पाणीही इथूनच वाहून न्यायचं. बाराफू म्हणजे बर्फ, शब्द आपलाच वाटावा असा, पण तहानेला त्याचा उपयोग नाही. नियमाने पोर्टरवर 20 किलोपेक्षा जास्त वजन लादता येत नाही, प्रवेशद्वारावर काटा लावून मोजतात. पाण्याच्या या खेपा कोणत्या काट्यात धरतात, ते विचारायचं राहून गेलं. मी दहा-दहा पावलांनी चढलेला चढ तो भरला कॅन डोक्यावर घेऊन चढून आला. मान सरळ.

आईला आता सांगता आलं असतं, चालून पाणी कसं येतं ते.

थोड्या वेळाने तंबूबाहेर हाक आली, "वॉशी वॉशी!" रोजच्यासारखं कोमट पाण्याचं घमेलं. तीन दिवस मी त्यात बिनधास्त हात खळबळून ते लाथेने कलंडवलं होतं. आज आधी चेहरा धुतला, मग त्याच पाण्यात मोजे बुचकळले, मग पाय. तरी तळाला तांब्याभर गढूळ पाणी उरलंच. घमेलं हातात धरून मी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे दगड आणि राखेसारखी माती.

आजीकडे निदान अळू तरी होतं.