डोळे शेवटी रंगवा

लोकांसमोर चित्र काढताना सगळ्यात जास्त होणारी गफलत म्हणजे घरी ज्या क्रमाने काढतो, त्याच क्रमाने मंचावर काढणं. एकट्याने काम करताना क्रम ही नुसती सोय असते. समोर माणसं बसली की तो क्रमच प्रयोग होतो. पुरं झालेलं चित्र लोक जेमतेम मिनिटभर पाहतात, त्याआधीची वीस मिनिटं त्यांचं सगळं लक्ष ‘हे काय होतंय’ यात असतं.

म्हणून चित्र ओळखू कधी येणार, हे आधी ठरवायचं. वीस मिनिटांच्या व्यक्तिचित्रात तो क्षण चौदाव्या-पंधराव्या मिनिटाला यावा. आधी बाह्यरेषा, मग डोळे-नाक असं गेलात तर चौथ्या मिनिटाला चेहरा कळतो आणि पुढची सोळा मिनिटं नुसती भरणी उरते. त्याऐवजी उजेडाचे, म्हणजे फिक्या रंगाचे, मोठे तुकडे विखरून टाका: एक गालावर, एक खांद्यावर, एक कानापाशी. डोळे अगदी शेवटी. मात्र दहा मिनिटं काहीच कळू दिलं नाही तर लोक चुळबुळायला लागतात. मिशीचं टोक, चष्म्याची एक कड असं काहीतरी मध्येच हाती द्यावं.

मधली पाच मिनिटं वाईटच दिसतात. चित्र बिघडलंय असं समोरच्यांना वाटतं आणि ती शंका चित्रकाराला चटकन लागते. इथे दुरुस्त्या करत बसू नये. हा टप्पा सरावात सर्वांत वेगाने बसवलेला हवा.

पांढऱ्या कॅनव्हासवर फिके रंग मागच्या रांगेला दिसतच नाहीत. काळ्या किंवा गडद करड्या अॅक्रिलिकचे (पाण्यात कालवायचा, लवकर वाळणारा रंग) दोन हात आदल्या दिवशी द्या. मॅटच घ्या, चकचकीत पृष्ठभागावर दिव्याची तिरीप पडते. तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास जोरकस फटक्याला ढोलासारखा उसळतो, म्हणून मागून सहा मिलिमीटरचं प्लायवूड लावावं. डोळ्यांचे कोपरे, हनुवटी, केसांची सीमा यांचे कोळशाने बारीक ठिपके आधीच देऊन ठेवा, काळ्यावर ते दोन हातांवरूनही दिसत नाहीत. ही लबाडी आहे का? गवई तानपुरा जुळवूनच बसतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही.

रंग अॅक्रिलिकच. तैलरंग तेवढ्या वेळात वाळत नाहीत, त्यामुळे वरच्या फटक्यात खालचा रंग कालवला जाऊन चिखल होतो. पोस्टर कलरचा खालचा थर दुसऱ्या हाताला सुटून येतो. अॅक्रिलिकचा पातळ थर दहा-वीस मिनिटांत वाळतो, मंचावरच्या दिव्यांखाली त्याहून लवकर. पण पॅलेटवरचाही तसाच वाळतो, तेव्हा पाण्याचा फवारा हाताशी हवा. शिवाय तो वाळल्यावर गडद होतो, कारण त्यातलं रंग धरून ठेवणारं माध्यम ओलं असताना दुधाळ असतं आणि सुकल्यावर पारदर्शक. उजळ छटा म्हणून एक पायरी फिकीच कालवा. उभ्या कॅनव्हासवर पाणचट रंगाचे ओघळ येतात, वाटी कलंडवल्यावर सावकाश सरकेल इतपत दाट ठेवा.

पाच छटा आधीच झाकणाच्या डब्यांत तयार हव्यात आणि प्रत्येक छटेला वेगळा ब्रश. लोकांसमोर रंग कालवणं म्हणजे त्यांना स्वतःचं कोपर दाखवत बसणं. फ्रेंच चित्रकार जॉर्ज मात्यूने 1956 मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर 4 बाय 12 मीटरचा कॅनव्हास रंगवला, तो रंग ट्यूबमधून थेट कॅनव्हासवर पिळत असे. वेळ वाचतोच, पण पिळणंही बघण्यासारखं होतं.

ब्रश एक, दोन आणि तीन इंची, चपटे, भिंतीला वापरतात ते चालतील. बारीक रेघ दुरून उठून दिसत नाही. मागच्या रांगेपर्यंत पोचायचं तर रेघ निदान सेंटिमीटरभर रुंद हवी. पापण्यांची कलाकुसर घरीच ठेवा.

उजव्या हाताने काढणाऱ्याने कॅनव्हासच्या डाव्या बाजूला, हात लांब करून उभं राहावं. दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण बाजूला व्हावं, पाच सेकंद पुरे. दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांत, एकाच छटेचे, साधारण 5000 केल्विन (दिवसासारखा पांढरा उजेड). रंगीत दिवे बंद ठेवायला प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच सांगा: तांबड्या उजेडात तांबडा आणि पांढरा सारखेच दिसतात, मग डबाच चुकीचा उचलला जातो. तीन पायांचा हलका ईझल (कॅनव्हास ठेवायची घोडी) जोरात फटकारलं की सरकतो. पायांवर वाळूच्या पिशव्या टाका.

पूर्ण आकारात, घड्याळ लावून, निदान तीन तालमी हव्यात. मोबाईल शेवटच्या रांगेच्या अंतरावर ठेवून चित्रण करा आणि तुमची पाठ वीस सेकंदांहून जास्त कुठे आडवी येते ते शोधा.

राहिला शेवट. काम दोन मिनिटं आधी संपलं की हात शिवशिवतो आणि चांगला गाल खरवडला जातो. शेवटचा फटका कोणता, हे तालमीतच ठरलेलं असावं. इंग्रज चित्रकार टर्नरने 1835 मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात, भिंतीवर टांगलेलं ब्रिटिश संसदेच्या आगीचं चित्र इतर चित्रकारांदेखत जवळजवळ सगळं तिथेच रंगवलं. काम झाल्यावर त्याने रंगांची पेटी मिटली आणि कोणाशी न बोलता निघून गेला, असं सांगतात. तुम्हाला मात्र लोक फोटोसाठी थांबवतील. त्याआधी ब्रश पाण्यात टाका, पंधरा मिनिटांत केसांत मुरलेलं अॅक्रिलिक धुऊन निघत नाही.