इंजिन बे अपडेट: पांढरा थर शेवटी गेला!

मंडळी, गाडीच्या बॉनेटखाली (इंजिन बे) अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, ॲल्युमिनियमच्या केसिंगवर बसणारा पांढरा थर गेला एकदाचा! मागच्या वेळी फोटो टाकला होता ना, तोच. धुवा, पुसा, सुकवा, आणि सकाळी बॉनेट उघडावं तर परत हजर.

बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियम ऑक्सिडाइज होतंय. मला ते पटत नव्हतं, कारण ओलं फडकं फिरवलं की थर पूर्ण निघायचा, ऑक्साइड असता तर घासल्याशिवाय हलला नसता. म्हणजे वरून काहीतरी येऊन बसत होतं, मग डोक्यात आलं, आपली विहीर! इंजिन धुतो ते तिच्याच पाण्याने. इथे गुहागरला खाडीकडच्या बाजूला शिमगा झाला की पाणी मचूळ व्हायला लागतं. काचेच्या तुकड्यावर एक थेंब विहिरीचा आणि एक बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा (क्षार काढलेलं पाणी) टाकून उन्हात ठेवला. विहिरीच्या थेंबाची पांढरी कडा उरली, दुसरीकडे काच लख्ख. काय आनंद झाला सांगू!

आता डिग्रीजर (तेलकट मळ काढणारं द्रावण) ब्रशने लावून झाला की शेवटचा हात फक्त डिस्टिल्डचा, तोही स्प्रे बाटलीने, आणि लगेच मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसायचं. पाइप किंवा प्रेशर वॉशर अजिबात नाही. दिसण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि कनेक्टरच्या (वायरींच्या जोडांच्या) पिना हिरव्या पडतात त्या त्यानेच.

बाकी नेहमीचंच, इंजिन पूर्ण गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल, एअर इनटेक (इंजिनात हवा जायचं तोंड) प्लॅस्टिकने झाकून. टर्मिनलवरची हिरवट पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने गेली. वायपरखालच्या जाळीत अडकलेली सुरूची पानं काढली, आता तिथलं पाणी सरळ खाली जातं, बघायलाच मस्त वाटतं.

वॉशिंग सेंटरवाले शेवटी डिझेल मारून चकचकीत करून देतात, ते कृपया करून घेऊ नका. रबरी पाइप फुगतात, वर तांबडी माती चिकटून लेप बसतो, आणि गरम इंजिनवर आगीचा धोका वेगळाच.

पुढे प्लॅस्टिक कव्हरना ड्रेसिंग (चकाकी आणणारं द्रावण) मारायचं ठरलं होतं पण ते आता मागे ठेवतोय, आधी अर्थ स्ट्रॅप (गाडीच्या बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी) खोलून दोन्ही टोकं घासून घेतो, थर पुसल्यावर तिथे खरा गंज दिसला. आणि हे लिहितालिहिताच सुचलं, घरच्या एसीच्या पाइपातून बादलीभर पाणी रोज वाया जातं, त्यात क्षार जवळपास नसणारच! आधी फिल्टर आणि ट्रे साफ करून, पाणी गाळून काचेवर थेंब टाकून बघतो, जमलं तर डिस्टिल्डचा खर्च वाचेल.

कनेक्टरच्या रबर सीलला लावायला डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं, ओलावा अडवणारं) हवंय, चिपळूणला कुठे छोटी ट्यूब मिळत असेल तर सांगा, पावसाच्या आत लावून टाकायचंय.